चौथा दोष

५ डिसेंबर १९८१, शनिवार

ही वही १९७९ सालची आहे. एका रंगवाल्या कंपनीनं फुकट दिलेली, दोन वर्षं स्टोअरमध्ये पडून होती. छापील तारखा खोडून नव्या घालाव्या लागतात, पण स्टोअरकीपरच्या हातून काही वाया जाऊ नये. खोलीत आम्ही सहा जण, त्यातले चार जण दुसऱ्याचं पत्र स्वतःचं असल्यासारखं वाचतात. म्हणून वही इथंच, स्टोअरमध्ये, गॅस्केटच्या रॅकवर. किल्ली माझ्या कमरेला. निर्धास्त.

लिहायला घ्यायचं कारण म्हणजे आज हॅलमसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कतारमधल्या आमच्या कॅम्पचे मॅनेजर. रस्त्याचं काम अल रुवैसच्या दिशेनं महिन्याला किती सरकतं याची त्यांना जेवढी काळजी, त्याहून जास्त कॅम्पच्या व्हॉलीबॉल संघाची. तर साहेबांनी मुंबईच्या एजंटाकरवी एक खेळाडू मागवलाय. मागवलाय म्हणजे मी व्हॉल्व्ह मागवतो तसा. नाव जहूर, रत्नागिरीकडचा, वय एकवीस. व्हिसावर 'हेल्पर', खरं काम व्हॉलीबॉल. आणि व्हॉलीबॉलमध्येही नेमकी माझीच जागा, लिफ्टरची. स्मॅशर उडी मारून बॉल आपटतो, त्याचा फोटो निघतो. तो बॉल नेटपाशी त्याच्या हाताला बरोबर चढवून देतो तो लिफ्टर, त्याचा फोटो निघत नाही. पण त्याच्याशिवाय संघ म्हणजे चालकाशिवाय बस. गेली आठ वर्षं चालक मी आहे. कप्तानही मीच.

साहेब म्हणाले, "तीन महिने. फायनल फेब्रुवारी एंडला. तोपर्यंत पहिल्या सहांत उभा राहिला तर कायम, नाही तर परतीचं तिकीट. रेडी कधी होतो, ते तू मला सांगायचं."

म्हणजे माझ्या जागेवर कोण उभं राहणार हे मीच ठरवायचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पण मी निःपक्षपाती माणूस आहे. तसं मी साहेबांना सांगितलंही. त्यांनी विचारलं नव्हतं.

१२ डिसेंबर

काल शुक्रवार, पहिली प्रॅक्टिस. पोरगा हडकुळा आहे, हात मात्र गुडघ्यापर्यंत. येताना गावानं एस.टी. स्टँडवर हार घातले म्हणे, बँडसुद्धा होता. तीन महिन्यांत परत गेला तर तेच लोक काय म्हणतील, हा विचार मनात आला आणि मी तो काढून टाकला. तो माझा प्रश्न नाही.

निःपक्षपातीपणे दोष लिहून ठेवतो:

एक. अनवाणी खेळतो.
दोन. बॉल देताना कुणाचं नाव पुकारत नाही. मुका.
तीन. सारखा डावीकडेच देतो.
चार. चूक झाली की हसतो.
पाच. प्रॅक्टिस संपल्यावर नेट घडी न घालता बोळा करून टाकतो.

पाचवा दोष खेळातला नाही, कबूल आहे. पण चारच दोष फार कमी दिसत होते.

आणखी एक. त्याच्या हातातून बॉल जाताना आवाजच होत नाही. माझ्या हातातून कसा 'टप्' असा खणखणीत आवाज येतो. आवाज नको? स्मॅशरला कळणार कसं?

साहेबांनी दिवसा त्याला माझ्याच हाताखाली स्टोअरमध्ये घातलंय. कामाला बरा आहे. पाइपांवरची माझी मराठी लेबलं मात्र मलाच वाचून दाखवावी लागणार. मुसलमानाचा मुलगा, उर्दू शाळेत गेलेला असणार.

१९ डिसेंबर

गंमत आहे. काल जहूर बूट घालून आला. ऑफिसातल्या रहमान क्लार्कचे कॅनव्हासचे, दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. आणि बोलायला लागला. "बाजीराव!" "मागं घे, बाजीराव!" असा ओरडत होता की मेसमधून आचारी बाहेर आला. प्रॅक्टिस संपल्यावर नेटची अशी घडी घातली की घरी माझी बायको सत्यभामा पैठणीची घालत नसेल.

कुणीतरी सांगितलं असणार. बाजीरावच. हा बाजीराव क्रेन चालवतो आणि आमचा पहिला स्मॅशर आहे, आठ वर्षं माझ्याच बॉलवर उड्या मारतोय. घरभेदी निघाला.

बॉल आता उजवीकडेही देतो. हसतो मात्र अजून.

साहेबांनी विचारलं, "मच्छिंडर, इज ही रेडी?" मी म्हटलं, "नॉट येट, सर. बूट मोठे आहेत."

२८ डिसेंबर

आज बोटाबद्दल लिहितो. उजव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका. ऑक्टोबरात एक सर्व्हिस उचलताना काड् असा आवाज झाला. सूज गेली, पण बोट आता वाकडंच राहतं आणि नळ बंद करतानासुद्धा कळ डोक्यात जाते. काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून खेळतो. साहेबांना म्हटलं, टेपनं ग्रिप चांगली बसते. बाजीरावाला म्हटलं, फॅशन आहे. सत्यभामेला काहीच कळवलं नाही. हे फक्त या वहीला माहीत आहे आणि वहीला तोंड नाही. बेचाळीस वर्षांच्या बाप्यानं बोट लपवायचं म्हणजे शाळेत पाटी फुटल्यावर दप्तर लपवण्यातलाच प्रकार, पण काय करणार.

३१ डिसेंबर

थंडी आहे. वाळूवरून वारा येतो तो हाडात शिरतो.

जहूरनं दोन दिवस मला एकही ड्रम उचलू दिला नाही. "ओ दादा, ऱ्हाऊ दे, मी हाय ना." दहाच्या चहाला मगभर गरम पाणी घेऊन आला, मीठ घातलेलं. म्हणाला, "आमच्याकडं थंडीत सगळे हात बुडवून बसतात. बसा जरा."

लोणी लावतोय, दुसरं काय. मी असल्या गोष्टींना भुलत नाही. हात बुडवून बसलो, कारण पाणी वाया गेलं असतं.

फार बरं वाटलं.

९ जानेवारी १९८२

काल दोह्याला बंदरावरच्या संघाशी सामना. आम्ही जिंकलो, कसेबसे. मी खेळलो. जहूर बाकावर बसून संत्री सोलत होता, आमच्याकडे बदली खेळाडूचं तेच काम.

येताना बसमध्ये बाजीराव शेजारी येऊन बसला. म्हणाला, "मच्छ्या, तुझा बॉल वरून खाली यीस्तोवर माझी आख्खी बिडी वढून हुतीया."

आठ वर्षांत पहिल्यांदा तोंडावर स्तुती केली या माणसानं. उंच बॉल म्हणजे स्मॅशरला निवांतपणा. मी म्हटलं, "आभारी आहे." तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग खिडकीबाहेर. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता रस्ता, तोही आम्हीच केलेला.

२१ जानेवारी

सत्यभामेचं पत्र. उतरवून ठेवतो:

"तुमचं पत्र पोचलं. चार पानांतली साडेतीन पानं त्या जहूरवर आहेत. त्याला काही येत नसतं तर तो अर्ध्या पानात संपला असता. मला एवढंच कळतं की माझ्या सासूबाई माझ्या भाकरीत रोज खोट काढायच्या, आणि ज्या दिवशी त्यांना दिसेनासं झालं त्या दिवशी म्हणाल्या, तुझी भाकरी पहिल्यापासून चांगली होती ग. तब्येत जपा. हात कसा आहे? अक्षर वाकडं येतंय."

बायकांना व्हॉलीबॉलमध्ये भाकरी कुठून दिसते कोण जाणे. आणि अक्षर वाकडं नाही. पेन खराब आहे.

६ फेब्रुवारी

साहेबांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, नॉट येट. या खेपेला कारणच सापडेना. शेवटी म्हटलं, "ही स्माइल्स, सर." साहेबांनी पाइप तोंडातून काढला, पुन्हा घातला.

माझं म्हणणं सरळ आहे. स्टोअरचा पहिला नियम: जुना माल आधी काढायचा, नवा नंतर. नवं आलं म्हणून जुनं फडताळात टाकायचं, असं केलं तर कंपनीचं दिवाळं वाजेल. मी आधी आलो, मी आधी. जहूरनं थांबावं. मी थांबलो नव्हतो का?

(खरं म्हणजे नव्हतो. मी आलो त्याच आठवड्यात जुन्या कप्तानाचा गुडघा गेला.)

१३ फेब्रुवारी

सेमीफायनल काल जिंकलो. शेवटच्या सेटमध्ये माझे तीन बॉल नेटमध्ये गेले. नेट सैल होतं. फायनल सव्वीसला, उम्म सईद गावच्या मल्याळी संघाशी. सगळे ताडासारखे उंच, आणि खेळ असा की बघतच राहावं.

रहमान क्लार्क सांगत होता की जहूरच्या परतीच्या तिकिटाचा कागद टाइप करून ठेवलाय, तीन मार्चची तारीख, फक्त सही बाकी. रहमानला कुणी विचारलं होतं?

१५ फेब्रुवारी

आज जहूरला झापलं. पाइप जोडायच्या चिकट मसाल्याचे डबे आलेत, जुने मागे सारून त्यानं नवे पुढे मांडले. आठ वर्षांत असा अधर्म माझ्या रॅकवर झाला नव्हता. मी म्हटलं, "जुना आधी, नवा नंतर, किती वेळा सांगायचं?"

त्यानं डबा उलटा करून तळाची तारीख दाखवली. "ओ दादा, जुन्याला अजून वरीस हाय. ह्यो नंतर आला पण ह्याची तारीख मार्चात सरते. आता नाय काढला तर उघडायच्या आधीच दगड होईल. मग कुणाच्याच कामाचा नाय."

बरोबर होतं. तारीख आधी संपणारा माल आधी, हा नियम मीच रॅकवर खडूनं लिहिलाय, मराठीतच, १९७६ साली. त्याला कुठून कळला देव जाणे. मी डबे आहेत तसे राहू दिले.

दिवसभर तो डबा डोक्यात का फिरतोय कळत नाही. एवढासा तर डबा.

२५ फेब्रुवारी

उद्या फायनल. बोट ठणकतंय. जेवण गेलं नाही.

२७ फेब्रुवारी

सगळं नीट लिहितो.

सामन्याआधी कप्तानानं सहा नावांची चिठ्ठी पंचाकडे द्यायची असते. आठ वर्षं पहिलं नाव माझं. कालही लिहिलं, हाताला सवय. लिहून झाल्यावर चिठ्ठीकडे बघत बसलो. मग ती खिशात घातली आणि दुसरी लिहिली. का, ते अजून नीट सांगता येत नाही. तो मसाल्याचा डबा आठवत होता, आणि तो एस.टी. स्टँडवरचा बँड.

जहूर चिठ्ठी बघून धावत आला. "ओ दादा, नाव चुकलंय."

"स्टोअरकीपरच्या चिठ्ठीत नाव चुकत नाही," मी म्हटलं. "यल्ला, चल, बूट बांध."

आणि मी बाकावर जाऊन बसलो. आठ वर्षांत बाकावर बसलो नव्हतो, हात कुठं ठेवायचे तेच कळेना. कुणीतरी संत्र्यांची पिशवी मांडीवर आणून ठेवली.

पहिल्या सहा बॉलांत सहा पॉइंट गेले. सहा! एक बॉल जहूरच्या हातून पाठीमागं गेला, एक बाजीरावाच्या डोक्यावर आदळला. खोटं कशाला लिहू, पहिल्या तीन पॉइंटांना मला आतून बरं वाटलं. बघा, म्हणत होतो की नाही, नॉट येट! चौथ्याला बरं वाटेनासं झालं. सहाव्याला संत्र्यांची पिशवी दोन्ही हातांनी आवळली.

आणि तो हसत होता. बाजीरावाच्या डोक्यावर बॉल पडला तेव्हा तर खदखदून. मला वाटलं आता बाजीराव त्याला कच्चा खाणार. पण बाजीरावही हसला. मग बाकीचे चौघे. शून्य-सहा, समोर ते ताड, आणि आमचे सहा जण शाळा सुटल्यासारखे हसतायत.

साहेब बाकापाशी आले, लालबुंद. "मच्छिंडर! गो इन! नाऊ!"

कप्तान म्हणून मला त्याच क्षणी बदल मागता आला असता. मैदानात गेलो असतो, टप् टप् चार बॉल दिले असते, आणि जहूर रेडी नव्हता हे शंभर माणसांपुढे सिद्ध झालं असतं. मी उठलोसुद्धा. शर्ट काढला.

मग त्याच हातानं बोटावरची टेप सोडवली. चार महिन्यांनी सोडवली. बोट पळसाच्या वाळक्या शेंगेसारखं दिसत होतं. साहेबांच्या नाकापुढे धरलं आणि म्हटलं, "ब्रोकन, सर. सिन्स ऑक्टोबर. आय कॅनॉट गो."

मला पक्कं माहीत होतं की हे बोट एकदा साहेबांनी बघितलं की मी पुन्हा कधीच आत जाणार नाही. ते माहीत असूनच दाखवलं. मग शर्ट पुन्हा अंगात घातला आणि बाकावर बसलो.

सातव्या बॉलाला जहूरचा हात लागला. आवाज झाला नाही. बॉल नेटच्या वर वीतभरच आला, आणि बाजीराव आधीच हवेत होता. पलीकडच्या ताडांनी हातसुद्धा उचलले नव्हते. असा बाजीराव मी कधी बघितला नव्हता. आठ वर्षं मी या माणसाला बॉल दिला आणि तो एवढा वेगानं मारू शकतो हे मला माहीत नव्हतं.

पहिला सेट गेला. दुसरा आम्ही घेतला. तिसऱ्यात चौदा-चौदा, आणि मग दोन पॉइंटांनी हरलो. मी इतकी संत्री सोलली होती की दोन्ही संघांना पुरली. डोळ्यांतून पाणी येत होतं. संत्र्याचा रस उडतो ना.

बसपाशी साहेबांनी शेवटचं विचारलं, "सो? इज ही रेडी?"

"येस, सर," मी म्हटलं. "सिन्स डिसेंबर."

"देन व्हाय द डेव्हिल..." साहेब बोलायचे थांबले. मी बोट वर केलं. साहेब गाडीत बसून निघून गेले. ना हो म्हणाले, ना नाही. फायनल तर हरलोच आहोत आणि तिकिटाचा कागद टेबलावर तयार आहे. माझ्या दोन 'नॉट येट'पायी पोराचा एकच सामना झाला, तोही हरलेला. मला लाज वाटते. एवढंच.

३ मार्च

सकाळी केबिनबाहेर मी तासभर उभा. जहूर आत. रहमान मान वर करेना.

जहूर बाहेर आला तो दाराच्या चौकटीला डोकं आपटून, कारण समोर बघतच नव्हता. कायम! साहेब त्याला म्हणाले म्हणे, "तू फायनल दोन पॉइंटांनी हरलास. तुझा कप्तान दहांनी हरला असता." मला राग यायला हवा होता. मी रहमानच्या टेबलावरचा तो तिकिटाचा कागद उचलला आणि चार तुकडे केले. स्टोअरकीपर असून कागद फाडला.

मग मला बोलावलं. साहेब म्हणाले, संघाला शिकवणारा कोणी हवाय, शुक्रवारी, बाकावरून. आणि आत्ताच्या आत्ता गाडीत बसून दोह्याच्या दवाखान्यात जा.

७ मार्च

डाव्या हातानं लिहितोय. उजवा कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. थोडकंच लिहितो.

बाजीराव भेटायला आला. म्हणाला, "ह्या पोरापायी बिडी वढायलाबी टाइम मिळंना झालाय." आणि माझ्याकडे बघून हसला. दोन महिन्यांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती स्तुती नव्हती.

दुपारी जहूर म्हणाला, "ओ दादा, डाव्या हातानं कशाला तरास. तुम्ही सांगा, वहीत मी लिवतो."

मी म्हटलं, "तुझं उर्दू मला वाचता यायचं नाही."

"उर्दू?" तो म्हणाला. "मी मराठी शाळेतला. मॅट्रिकला मराठीत अठ्ठ्याहत्तर होते."

गॅस्केटच्या रॅककडे बघितलं. वही इथंच असते, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, डिसेंबरपासून. बूट. नावं पुकारणं. नेटची घडी. मिठाचं पाणी. डब्याच्या तळाची तारीख. किल्ली माझ्या कमरेला, आणि किल्लीवाला आणि हेल्पर दिवसभर एकाच खोलीत! माझ्याएवढा शहाणा माणूस कतारमध्ये दुसरा नसेल.

"कुठवर वाचलीस?"

"सगळी." त्यानं मान खाली घातली. "चुकलं माझं. पण ओ दादा, इथं मला शिकवणारं दुसरं कोण होतं? तुम्ही तोंडानं तर बोलत नव्हतात. ते पाच दोष मी पाठ केले. रोज एक घ्यायचो. चार सुधरले. चौथा तेवढा नाय सुधरला अजून. परयत्न करतोय."

मला रागवायचं होतं. पण डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी हाताशी संत्रंही नव्हतं.

"चौथा राहू दे," मी म्हटलं.